विडी वळणाऱ्या घरात शब्द कुणाचा चालतो?

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सोलापूरच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये बायकांना घरात निर्णय घेता येतात का, यावर प्रकल्प करते आहे. प्रश्नावली भरून घेतली तर जवळपास प्रत्येकीने 'दोघं मिळून ठरवतो' असंच सांगितलं. बहुतेक जणी विड्या वळतात, बँकेत खातं आहे, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव आहे. मग इथल्या बायका सक्षम आहेत असा निष्कर्ष काढू का? नसेल, तर खरं काय ते कसं शोधायचं? आणि एखाद्या संस्थेने नेमकं काय केलं तर फरक पडतो?"

एवढ्या पुराव्यावर तो निष्कर्ष काढू नका. बायका तुमच्याशी खोटं बोलल्या असंही मानू नका. 'दोघं मिळून' हे घराची अब्रू राखणारं उत्तर आहे. वही-पेन घेऊन दारात उभ्या असलेल्या अनोळखी मुलीला कुठलीही शहाणी बाई हेच सांगेल. मागे खाटेवर सासू बसलेली असते, दारात शेजारीण पानं कापत असते, आणि नवरा रात्रपाळीचा माग चालवून आत झोपलेला असतो. या तिघांच्या कानावर जाईल ते उत्तर तुम्हाला मिळालं आहे.

शिवाय त्या दोन शब्दांत बरंच काही मावतं. तिने विषय काढला, महिनाभर लावून धरला आणि तो शेवटी हो म्हणाला, हेही 'दोघं मिळून'. त्याने ठरवलं, जेवताना सांगितलं आणि तिने मान हलवली, हेही 'दोघं मिळून'. सासूने ठरवलं आणि दोघांनी ऐकलं, तेही त्यातच. प्रश्नावलीत तिन्ही घरांसमोर एकाच चौकोनात खूण होते.

देशपातळीवरच्या आकड्यांतही हे दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना तीन गोष्टी विचारतात: स्वतःचे औषधोपचार, घरातली मोठी खरेदी आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत यांपैकी किमान एका निर्णयात सहभाग असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया ८८.७ टक्के निघाल्या. तिन्ही निर्णयांत सहभाग असलेल्या सुमारे ७१ टक्के. पण त्याच फेरीत, जे पैसे कसे खर्चायचे ते स्वतः ठरवता येतं असे पैसे आपल्याकडे आहेत, असं सांगणाऱ्या स्त्रिया ५१.२ टक्केच होत्या. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा असलेल्या तर ४२ टक्के. प्रश्न जितका नेमका होत जातो तितका आकडा खाली येतो, हे लक्षात ठेवा.

बाईचा शब्द किती चालतो हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. घरातल्या एखाद्या मोठ्या गोष्टीला ती 'नको' म्हणाली, तर पुढे काय होतं? ती गोष्ट थांबते का? आणि ती थांबवल्याबद्दल तिला काय सोसावं लागतं? अबोला, शिव्या, मार, की 'जा तुझ्या माहेरी'? जिच्या 'नको'ने गोष्ट थांबते आणि तरी तिचं त्या घरातलं राहणं धोक्यात येत नाही, तिच्याकडे निर्णयशक्ती आहे. बाकी कमाई, खातं, कार्ड, कर्ज या सगळ्यांना मी एकच प्रश्न लावून बघते: यामुळे तिला 'नको' म्हणणं सोपं झालं का?

आधी कमाईकडे बघू, कारण सोलापुरात बाई कमावत नाही असं गरीब घर शोधावंच लागेल. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या कुटुंबांतले पुरुष गिरण्यांत आणि हातमागावर होते, ते पुढे यंत्रमागावर गेले. तिथलं काम कधी आहे, कधी नाही. विजेचा, सुताच्या भावाचा, टॉवेलच्या मागणीचा फटका आधी त्यांच्या मजुरीला बसतो. या काळात घरात नियमाने येणारा पैसा होता तो विडीचा, म्हणजे बाईचा. एवढं झाल्यावर घरातली सत्ता तिच्याकडे यायला हवी होती, असं कुणालाही वाटेल.

बहुतेक घरांत तिच्याकडे खर्चाचा भार आला. किराणा, दूध, गॅस, शाळेची फी, भाडं, दवाखाना हे सगळं 'तुझ्या विडीतून' होऊ लागलं आणि पुरुषाचा पगार हळूहळू त्याचा स्वतःचा झाला. त्यातून तो घरात काय देतो हे त्याच्या मनावर. तेल एक लिटर आणायचं की अर्धा, हे ती ठरवते हे खरं आहे. पण तो तुटपुंज्या पैशांत महिना काढण्याचा हिशेब आहे. त्याच घरात नवऱ्याने हप्त्यावर मोटारसायकल घ्यायची ठरवली की तिला गाडी दारात आल्यावर कळतं. म्हणून 'घरखर्च कोण बघतं?' या प्रश्नाच्या उत्तराला सत्तेचं माप समजू नका. नवऱ्याची नेमकी कमाई किती आहे हे तिला माहीत आहे का, ते विचारा. आकडा सांगता येणाऱ्या बायका फार थोड्या भेटतील. ज्या पैशाचा आकडाच तिला माहीत नाही, त्याबद्दल तिचं मत कोण विचारणार?

विडीच्या कामात एक वेगळी गोष्ट मात्र आहे आणि ती तुमच्या प्रकल्पात यायला हवी. पानं भिजवणं, कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं हे सगळं घरी होतं. पण तयार माल घेऊन बाईला विडी कंपनीच्या ब्रँचवर जावंच लागतं. तिथे चेकर माल तपासतो, छाट म्हणजे खराब विड्या बाजूला काढतो, नवीन पान-तंबाखू मिळते. या सगळ्यात वेळ जातो, छाटीवरून भांडणं होतात, मजुरी कापली जाते. तरी त्याच रांगेत कोणत्या दवाखान्यात बाळंतपण नीट होतं, कुणाच्या नवऱ्याने हात उचलला, फंडाचा (भविष्य निर्वाह निधीचा) फॉर्म कुठे मिळतो, कुठल्या शाळेत मुलीला प्रवेश मिळेल हे कळतं. युनियनचा मोर्चा निघणार आहे ही बातमीही तिथेच पोहोचते. घरातल्या कुणाचीही परवानगी न लागता बाहेर पडण्याचं ते एक मान्य कारण आहे. याउलट मुकादम दारात कपड्यांचे गठ्ठे टाकतो आणि शिवलेला माल दारातूनच घेऊन जातो, अशा घरांत बाईची कमाई विडीवालीइतकी किंवा थोडी जास्तही असते, पण ती गल्लीबाहेर पडतच नाही. या दोन प्रकारच्या घरांची तुलना करून बघा. माझा अनुभव असा, की रोज रांगेत उभी राहणारी बाई घरात जास्त बोलते. दोघींच्या कमाईत फरक नसला तरी हे दिसतं.

त्याच कामातली काळी बाजूही सांगते. काही घरांत कारखान्याचं कार्ड सासूच्या नावावर असतं आणि वळणारे हात सुनेचे. मजुरी सासूच्या नावाने निघते, फंड सासूच्या खात्यात साठतो आणि सून सरकारदरबारी विडी कामगार ठरतच नाही. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली कर्मचारीच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात मान्य केलं. त्या हक्कासाठी विडी कामगारांनी मोठा लढा दिला आहे. पण नाव कागदावर नसेल तर तो निकाल त्या सुनेच्या काय उपयोगाचा? तुमच्या प्रश्नावलीत 'काम करता का?' असा प्रश्न असेल. त्याला 'कार्ड कुणाच्या नावावर आहे?' हा प्रश्न जोडा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. घरातली सत्ता म्हणजे फक्त नवरा आणि बायको, अशी मांडणी आपल्याकडच्या घरांना पुरत नाही. पंचविशीतली सून आणि पन्नाशीतली सासू या दोघी 'स्त्री' या एकाच रकान्यात बसवल्या तर निष्कर्ष चुकणारच. सासूचं चालतं ते बऱ्याचदा सुनेच्या जिवावर चालतं. सुनेने माहेरी कधी जायचं, दुसरं मूल कधी, ऑपरेशन कधी, हे सासू ठरवते. ऑपरेशनचा विषय निघालाच आहे तर पाचव्या फेरीतला आकडा बघा. देशात कुटुंब नियोजनासाठी स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेली जोडपी ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर ०.३ टक्के. ऑपरेशन कुणाचं करायचं यावर किती घरांत खरंच चर्चा होत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरी चूक विधवा आणि टाकलेल्या बायकांच्या बाबतीत होते. 'निर्णय कोण घेतं?' या प्रश्नाला त्या सगळ्याच ठिकाणी 'मी' म्हणतात, आणि तक्त्यात वस्तीतल्या सर्वांत सक्षम बायका त्याच ठरतात. प्रत्यक्षात भाऊ काय म्हणेल, दीर खोली खाली करायला लावेल का, मुलगी वयात आली आहे तर रात्री दाराला कडी पुरेल का, या धास्तीत त्यांचे निर्णय होतात. त्यांचं विश्लेषण वेगळं करा. इतरांच्या सरासरीत त्यांना मिसळू नका.

आता खात्याबद्दल. पूर्वी मजुरी रोख हातात पडायची. नोटबंदीनंतर ती खात्यावर जमा करण्याकडे कल वाढला आणि ऑगस्ट २०२४ पासून 'माझी लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० रुपयेही आधारशी जोडलेल्या खात्यावरच यायला लागले. त्यासाठी कितीतरी बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा बँकेची पायरी चढली, याची मला मनापासून किंमत वाटते. पाचव्या फेरीत स्वतः वापरते असं बँक खातं असल्याचं ७८.६ टक्के स्त्रियांनी सांगितलं, स्वतः वापरते असा मोबाइल असल्याचं मात्र ५४ टक्के स्त्रियांनीच. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत पुष्कळ काही घडतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो? ओटीपी कुणाकडे जातो? एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे आणि त्याचा पिन तिला पाठ आहे का? खातं बाईचं, नंबर मुलाचा आणि कार्ड नवऱ्याकडे असेल, तर पैसे आले कधी आणि गेले कधी हे तिला सर्वांत शेवटी कळतं. रोख मजुरी मिळायची तेव्हा निदान घरी पोचेपर्यंत ते पैसे तिच्या पदराला असायचे आणि वाटेत ती त्यातले थोडे भिशीत टाकायची. खातं उघडलं म्हणजे सुधारणा झाली, असं गृहीत धरू नका.

असे लपवलेले पैसे बहुतेक सगळ्यांकडे असतात: डाळीच्या डब्यात, माहेरच्या बहिणीकडे, भिशीत. त्याबद्दल विचारा, पण विश्वास बसल्यावर आणि ती एकटी असतानाच. ते पैसे कशासाठी निघाले यावरून तिच्या मनातला क्रम कळतो: मुलीची फी, स्वतःचं औषध, आईच्या आजारपणाला पाठवलेली मदत. उघडपणे या गोष्टी घडल्या नसत्या, म्हणूनच तिला लपवावं लागलं. सत्ता नसल्याची खूण आणि तरीही मार्ग काढल्याची खूण, अशी दोन्ही त्यात दिसतात. तुमच्या अहवालात दोन्ही आली पाहिजेत.

कर्जाबद्दल मी कठोर बोलणार आहे. फायनान्सवाल्यांच्या, म्हणजे सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, गटात बाईच्या नावावर कर्ज निघतं, म्हणून संस्थांच्या अहवालात ती 'कर्जदार उद्योजिका' होते. ते पैसे कशाला गेले, ते घराघरांत जाऊन विचारा. नवऱ्याचं जुनं देणं, दिराचं लग्न, रिक्षाचं डाउन पेमेंट, आधीच्या फायनान्सचा हप्ता. बांगलादेशात १९९० च्या दशकात अॅन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी हेच तपासलं, तेव्हा कर्जाच्या वापरावर पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा असलेल्या बायका सुमारे ३७ टक्के निघाल्या. बाकीच्यांच्या नावावर कर्ज होतं, पण वापरावर त्यांचा ताबा अर्धवट, नावापुरता किंवा अजिबात नव्हता. हप्ता मात्र बाईनेच भरायचा, कारण गटातल्या बाकीच्या जणी तिच्या दाराशी येऊन बसतात. इथे तिची 'नको' म्हणण्याची ताकद दोन्हीकडून कमी होते. घरातून 'तुझ्या नावावर मिळतंय तर काढ' असा दबाव आणि बाहेरून गटाची लाज. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार सूक्ष्मकर्जात कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत आणि वसुलीसाठी धाकदपटशा करता येत नाही. हे वस्तीत फार कमी जणींना माहीत असतं. ते सांगा. बचत गट मात्र मी यात धरत नाही. जिथे बायका आपल्याच बचतीतून एकमेकींना देतात आणि 'कशासाठी हवेत?' असं मोकळेपणाने विचारतात, तिथे गट बाईच्या पाठीशी उभा राहतो. 'गटाने नाही सांगितलं' असं घरी सांगता येणं हीही एक ढाल असते.

सर्वांत मोठा फरक मी कशाने पडताना पाहिला असेल, तर घर बाईच्या नावावर होण्याने.

सोलापूरला या बाबतीत महाराष्ट्रात तोड नाही. शहराच्या कडेला कुंभारीत गोदूताई परुळेकर विडी घरकुलाची १०,००० घरं उभी राहिली, २००६ साली त्यांचं हस्तांतरण झालं. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्यासोबतच्या कामगारांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले तेव्हा ती मिळाली. आणि विडी कामगार म्हणजे बाई, त्यामुळे लाभार्थी म्हणून नावही बाईचं लागलं. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं आणि पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर करण्यावर भर आहेच.

नावाने एवढा फरक का पडतो? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला भांडणात जे वाक्य ऐकावं लागतं, 'निघ माझ्या घरातून', ते वाक्यच तिथे उरत नाही. घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर तिची सही लागते. ती सही करण्याआधी तिला विचारावं लागतं, समजवावं लागतं, तिच्यासमोर आकडा ठेवावा लागतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या 'नको'ला घाबरतं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी जरूर वाचा. ज्यांच्या नावावर काहीच मालमत्ता नव्हती अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून दीर्घकाळ मारहाण सोसल्याचं सांगितलं. नावावर जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होतं. कमाई बाईला खर्चाला उभं करते. घर तिला भांडणात उभं करतं.

पण इथेही कागद तपासा. नाव असतं आणि मूळ कागदपत्रं सासरच्या पेटीत कुलपात असतात, असं पुष्कळदा आढळतं. काही घरं तिच्या सहीने परस्पर भाड्याने दिली जातात आणि भाडं दुसरंच कुणी घेतं. आणि शहरापासून लांब गेलेल्या घरकुलात एक किंमतही मोजावी लागते: ब्रँच, दवाखाना, मुलीचं कॉलेज आणि माहेर सगळं लांब पडतं, बसचं भाडं लागतं, अंधार पडल्यावर येणं-जाणं थांबतं. घर मिळालं आणि फिरणं कमी झालं, अशाही बायका तुम्हाला भेटतील. त्यांचं म्हणणं टाळू नका. आणि ज्यांच्या नावावर घर नाही, त्यांना हे सांगा की कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ज्या घरात ती संसार करते त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. हा कायदा २००५ चा आहे आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, पण वस्तीत अजून 'घर सासऱ्याचं, मग तुझा काय संबंध' हेच चालतं.

आता पद्धतीबद्दल. 'सहसा निर्णय कोण घेतं?' हा प्रश्न काढून टाका. घडलेल्या एकेका प्रसंगाबद्दल विचारा. मागच्या वेळी कंबर धरली तेव्हा दुखायला लागल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंत किती दिवस गेले? कुणाला सांगितलं? पैसे कुठून आले? सोबत कोण होतं? मग नवरा आजारी पडला तेव्हाचे किती दिवस गेले, तेही विचारा. या दोन उत्तरांमधलं अंतर कुठल्याही निर्देशांकापेक्षा जास्त सांगतं. पाठ, खांदे, डोळे, खोकला ही विडीवालीची नेहमीची दुखणी, त्यामुळे प्रसंगांची वाण पडणार नाही. मुलीची दहावीनंतरची शाळा कशी सुटली किंवा कशी चालू राहिली, तिचं स्थळ आधी कुणाला कळलं, अडचणीत आधी कुणाची वस्तू गहाण पडली, बायकोचे कानातले की नवऱ्याची गाडी, हे विचारा. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवा: 'तुम्ही नको म्हणाला असतात तर?' या प्रश्नावर बाई कधी हसते, कधी गप्प होते, कधी सासूकडे बघते. ते लिहून ठेवा.

भाषेची काळजी घ्या. पूर्व भागात घरातली भाषा तेलुगू आहे. मराठी सगळ्यांना येतं, पण मनातलं तेलुगूत निघतं. काही वस्त्यांत कन्नड, काहींत दखनी. वस्तीतलीच एखादी अक्का सोबत घ्या, पण ती त्याच गल्लीतली नको; गल्लीतल्या बाईपुढे घरातलं कोण बोलेल? वेळ दुपारची, ब्रँचहून आल्यानंतरची बरी. पाण्याच्या दिवशी जाऊच नका. उजनीचं पाणी शहरात काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तसं बघितलं तर हाही तुमच्या विषयाचाच भाग आहे. पाणी कधी येईल याची वाट बघत घरी थांबायचं काम ज्या बाईचं, तिला ठरल्या वेळेची नोकरी धरता येत नाही आणि मीटिंगला जाता येत नाही. महापालिकेने पाण्याची वेळ नेमकी पाळली, तर कुठल्याही सक्षमीकरण शिबिरापेक्षा जास्त बायका बाहेर पडू शकतील, असं मला ठामपणे वाटतं.

संस्थेने काय करावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. कागदांपासून सुरुवात करा. बँक खात्याला तिचा स्वतःचा नंबर जोडून द्या. फंडाच्या खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून द्या. तेलुगू आडनावांची स्पेलिंग दर कागदावर वेगळी असतात, त्यात माहेरचं आणि सासरचं नाव बदलतं, आणि एवढ्या कारणावरून म्हातारपणी पेन्शन अडकते. किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, रक्कम फार थोडी आहे, पण म्हाताऱ्या बाईच्या हातात दरमहा स्वतःचे म्हणून येणारे ते पैसे असतात आणि नातवंडांपासून सुनेपर्यंत सगळे तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलतात. सुनेचं कार्ड सुनेच्या नावावर करण्यासाठी सासूला बाजूला घेऊन समजावा. हे काम सर्वांत अवघड जाईल.

पुरुषांशी बोला. यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर, चहाच्या टपरीवर बसून बोला. त्यांना घरात बोलावून बायकोसमोर शहाणपण शिकवू नका. त्यांच्याही बाजूला अपमान साठलेला असतो. बारा तास मागावर उभं राहून घर चालत नाही ही सल त्यांना असते आणि ती पुष्कळदा दारूत किंवा हात उचलण्यात निघते. ते समजून घ्यायचं, पण हात उचलण्याला माफी द्यायची नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. शिबिरात टाळ्या वाजवून एखाद्या बाईला 'आज घरी जाऊन ठणकावून सांगा' असं म्हणून पाठवू नका. तुम्ही संध्याकाळी वसतिगृहावर परत जाता, तिला रात्र त्याच खोलीत काढायची असते. तिला बोलायचंच असेल तर आधी तिच्यासोबत बसून ठरवा: कुठल्या दिवशी, घरात कोण असताना, सोबत कोणत्या चार बायका असतील, आणि बिघडलं तर ती रात्री कुठे जाईल. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे नंबर तिला पाठ असू द्या, नुसते कागदावर नकोत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय कुठे आहे ते आधी स्वतः जाऊन बघून या, म्हणजे तिला घेऊन जायची वेळ आली तर शोधत फिरावं लागणार नाही.

प्रश्नावली पुन्हा भरायला जाल तेव्हा सगळी घरं घेऊ नका. थोडी घरं निवडा: कार्ड सासूच्या नावावर असलेली काही, घर बाईच्या नावावर असलेली काही, मुकादमाचं शिवणकाम करणारी काही आणि एकट्या बायकांची काही. प्रत्येकीकडे दोन-तीनदा जा, पहिल्या वेळी वही बाहेर काढू नका. अहवाल कॉलेजात देण्याआधी त्याच बायकांना दुपारी एकत्र बसवून तेलुगूत वाचून दाखवा, अर्थात नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून. कुठे त्या 'असं नाही गं' म्हणतील, ते तिथल्या तिथे दुरुस्त करा.